वॉशबेसिनवरचा आरसा: गोल की चौकोनी, दिव्याचा की साधा?

अनुजा_ठाणे

नमस्कार मंडळी. बाथरूमचं काम काढलंय. बिल्डिंग १९९८ सालची, त्यामुळे टाइल, पाइप सगळं उखडून नव्याने चाललंय. आरशाचं काय ते लवकर ठरवा म्हणून मिस्त्री रोज मागे लागतो, कारण दिव्याचा आरसा घ्यायचा असेल तर वायर टाइल लागायच्या आधीच काढून ठेवावी लागणार. इथे घरात मात्र एकमत होण्याची चिन्हं नाहीत.

मापं सांगते. बेसिनची भिंत साडेतीन फूट रुंद. व्हॅनिटीचं कपाट ३० इंच रुंद, काउंटर फरशीपासून ३३ इंचांवर. वर टेबल-टॉप बेसिन आणि त्याचा तो उंच नळ, काउंटरपासून १२ इंच. शॉवर उजव्या हाताला. मध्ये पार्टिशन नाही, फक्त छोटा कट्टा आहे, त्यामुळे शिंतोडे बेसिनपर्यंत येतात. दिवा सध्या एकच, दाराच्या वर, म्हणजे आरशासमोर उभं राहिलं की बरोब्बर पाठीमागे.

माणसं: मी ५ फूट २, नवरा ५ फूट ११, सासूबाई ४ फूट ९, लेक नऊ वर्षांची, सव्वाचार फूट.

जावेचं म्हणणं, २४ इंचांचा गोल आरसा घे, सध्या सगळे तोच लावतात. नवऱ्याने ऑनलाइन एक एलईडीवाला बघून ठेवलाय: टच बटण, वाफ घालवणारा, घड्याळसुद्धा आहे त्यात. सासूबाईंना आरशाचं कपाट हवंय, गोळ्या ठेवायला. मला एवढंच हवंय की तो काळा पडू नये. आधीचा आरसा खालच्या कडेने काळा पडत गेला आणि शेवटी तर सासूबाई म्हणायला लागल्या की आरशालाच मिशा फुटल्या.

कुणी काय लावलंय, अनुभव सांगा प्लीज.

---

पिंपळपान

गोलच घ्या! आमच्याकडे काळ्या मेटल फ्रेमचा आहे, बाथरूमचा लूकच बदलतो. पाहुणे हटकून विचारतात कुठून घेतला म्हणून. फ्रेम पावडर कोटेड बघा म्हणजे झालं.

---

काचवाली_रत्नागिरी

अनुजाताई, सासऱ्यांनी सुरू केलेलं काच आणि फ्रेमचं दुकान आता मी बघते, म्हणून जरा लांबलचक लिहिते. चहा घेऊन बसा.

गोल, चौकोनी, लंबगोल हे सगळं शेवटी. आधी आरसा कुठून कुठपर्यंत हवा ते ठरवा, आणि ते तुमच्या घरातल्या सगळ्यात बुटक्या आणि सगळ्यात उंच माणसावरून ठरतं. आरशात आपला चेहरा निम्म्या मापात मावतो. खोटं वाटत असेल तर वाफ धरलेल्या आरशावर एक डोळा मिटून बोटाने स्वतःच्या चेहऱ्याची कड काढून बघा. केवढासा चेहरा निघतो! मागे सरका, पुढे या, माप तेवढंच राहतं. म्हणजे डोळ्यांच्या खाली जेवढं बघायचं असेल त्याच्या निम्मी काच डोळ्यांच्या खाली लागते, आणि वर जेवढं बघायचं त्याच्या निम्मी वर.

आता तुमचा हिशोब. सासूबाई ५७ इंच, डोळे साधारण साडेचार इंच खाली, म्हणजे साडेबावन्नवर. त्यांना मंगळसूत्रापर्यंत, पदराच्या पिनेपर्यंत दिसायला हवं. ते डोळ्यांपासून फूटभर खाली धरा, त्याचं निम्मं ६ इंच. म्हणजे काचेची खालची कड ४६ च्या आसपास आली पाहिजे. तुमचे यजमान ७१ इंच, डोळे साडेसहासष्टवर, आणि भांग पाडायला डोक्याचा माथा दिसायला हवा, त्यासाठी वर सव्वादोन इंच. झाले ६९. म्हणजे खालून ४६ पासून वर ७० पर्यंत, २४ इंच उंचीची काच तुमच्या घराला पुरते. नळाचं टोक ४५ इंचांवर येतंय, तेही खाली राहतं. लेकीला वर्षभर डोळ्यांच्या खालचं फारसं दिसणार नाही, तोवर पाट द्या. मुलं उंच होतात, सासूबाई व्हायच्या नाहीत, म्हणून माप त्यांचंच धरा.

हेच २४ इंचांच्या गोल आरशाला लावून बघा. मध्य येतो ५८ वर. यजमानांच्या माथ्याच्या ओळीत, ६९ वर, त्या गोलाची रुंदी जेमतेम साडेनऊ इंच उरते. मधोमध ताठ उभं राहिलं तर दिसेल सगळं, पण दाढी करताना माणूस मान वाकडी करतो, बाजूला झुकतो. आणि सकाळी शाळेच्या वेळी लेकीची वेणी आणि तुमची पावडर एकाच वेळी होणार नाही. गोलाचा हट्टच असेल तर ३० इंची घ्या, पण मग तो खाली नळावर आदळतो, आणि वर सरकवला तर सासूबाईंचा गळा जातो. तुमच्या भिंतीला ३० रुंद आणि २४ उंच असा आडवा आरसा बसतो. कोपरे थोडे गोल करून घ्या, जावेचंही मन राखलं जाईल.

२४ बाय ३० मध्ये आणखी एक सोय आहे. बहुतेक काचवाले चौरस फुटावर भाव लावतात आणि माप तीन किंवा सहा इंचांच्या पुढच्या टप्प्यावर नेतात. ३१ बाय २५ मागितलंत तर पैसे ३३ बाय २७ चे, काही ठिकाणी ३६ बाय ३० चे. उरलेली पट्टी आमच्याकडे पडून राहते, म्हणून घेतो आम्ही ते पैसे, पण गिऱ्हाइकाला हे कुणी आधी सांगत नाही.

काच ५ मिमीची घ्या. ४ मिमी भिंतीला जरा ओढ बसली की वाकते आणि चेहरा लांबट दिसतो. ५ मिमीचं वजन चौरस फुटाला सव्वा किलोच्या आत, म्हणजे तुमचा आरसा सहा किलोच्या आसपास. ६ मिमीची इथे गरज नाही. दुकानात काच तिरपी धरायला सांगा आणि तिच्यात ट्यूबलाइट किंवा दाराची चौकट बघत डोकं हळूहळू हलवा. रेघ सरळच राहिली पाहिजे, नागमोडी झाली तर ती काच ठेवून द्या. मग पाठ बघा. सेंट गोबेन, मोदीगार्ड अशा कंपन्यांचा माल असेल तर तसं दाखवायला सांगा, आणि ‘कॉपर-फ्री’, म्हणजे मागे तांब्याचा थर नसलेला, विचारा. दमट जागेत तोच घ्यावा.

काळं पडण्याचं आता. आमच्याकडे गणपतीच्या आधी पंधरा दिवस बाथरूमच्या आरशांची रीघ लागते, त्यामुळे हा विषय माझ्या रोजच्या डोळ्यांसमोरचा. मागचा पारा म्हणजे चांदीचा अगदी पातळ थर. जुन्या पद्धतीत त्यावर तांब्याचा थर आणि त्यावर रंग. पाठीला रंगाचं संरक्षण असतं, पण काच जिथे कापली तिथे कडेला चांदी उघडीच राहते. ओल तिथून शिरते. म्हणून ओलीने मधोमध सहसा काळं होत नाही, कडेनेच सुरुवात होते, आणि खालच्या कडेने जास्त, कारण पाणी ओघळून तिथे थांबतं. खाली अ‍ॅल्युमिनियमची पट्टी लावून आरसा तिच्यात उभा करतात ना, त्या पट्टीत पाणी साचून राहतं. पट्टी लावायचीच असेल तर तिच्या तळाला दोन-तीन भोकं पाडून घ्या. काच कापून पॉलिश केल्यावर कड पूर्ण कोरडी करून सीलरचा हात मारून द्यायला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे, पण न सांगता कुणी करत नाही.

पण ओलीपेक्षाही मोठा वैरी म्हणजे अ‍ॅसिड. टाइल लागल्यावर सिमेंटचे डाग काढायला मिस्त्री अ‍ॅसिड मारतो. त्याचा धूर कोंदतो, आणि आरसा आधीच लावलेला असेल तर त्या एका दिवसात त्याचं आयुष्य निम्मं होतं. नळांवर लालसर ठिपके पडतात तेही त्याच धुराने. आरसा सगळ्यात शेवटी लावा. अ‍ॅसिड मारून, भरपूर पाण्याने धुऊन, दारं-खिडक्या दोन दिवस उघड्या टाकून, मगच. नंतरही दर आठवड्याला टाइलवर अ‍ॅसिड ओतायची सवय असेल तर कितीही भारी आरसा आणा, टिकणार नाही.

दिव्याच्या आरशाबद्दल मी बोलत नाही, ते वायरमन मंडळी सांगतील.

---

विजयपथ

वास्तूप्रमाणे आरसा उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या भिंतीवर हवा. तुमची बेसिनची भिंत कुठल्या दिशेची?

---

काचवाली_रत्नागिरी

दादा, पाइप तिथे आहेत. दिशा कुठलीही निघो, बेसिन काही हलत नाही.

---

वायरमन_नाशिक

काचवाली ताईंनी चेंडू टाकलाच आहे तर घेतो.

अनुजाताई, तुमचा खरा प्रश्न आरशाचा नाही, दिव्याचा आहे. दाराच्या वरचा दिवा तुमच्या पाठीवर पडतो आणि तोंडावर तुमचीच सावली. नुसता आरसा कितीही मोठा घ्या, चेहरा काळवंडलेलाच दिसणार. डोक्यावर स्पॉटलाइट लावला तरी डोळ्यांखाली आणि हनुवटीखाली सावल्या पडतात, माणूस आठ दिवस झोपला नाही असा दिसतो. उजेड दोन्ही बाजूंनी, डोळ्यांच्या उंचीवर हवा. तुमची भिंत ४२ इंच आणि आरसा ३० घेतलात तर दोन्हीकडे सहा-सहा इंच उरतात. तिथे उभे, बारीक दिवे बसतात. सासूबाईंचे डोळे साडेबावन्नवर, साहेबांचे साडेसहासष्टवर, तेव्हा दिव्याचा मध्य ६० इंचांवर धरा आणि दिवा दीड फूट लांबीचा घ्या.

एलईडीच्या आरशात दोन जाती आहेत आणि ऑनलाइन फोटोत दोन्ही सारख्याच दिसतात. ज्याचा उजेड मागून भिंतीवर पडतो तो रात्री देखणा दिसतो, पण चेहऱ्याला त्याचा उपयोग थोडा. ज्याच्या काचेवर समोरून दुधी पट्टा उजळतो तो कामाचा. घेणार असाल तर दुसरा घ्या. रंग ४००० केल्विन. ३००० ला सगळं पिवळट दिसतं, ६५०० ला पांढरंफटक, आणि घरात लावलेली लिपस्टिक बाहेर उन्हात भलतीच दिसते. सीआरआय, म्हणजे उजेडात रंग कितपत खरे दिसतात त्याचा आकडा, ९० किंवा वर आहे का बघा. तो आकडा खोक्यावर छापलेलाच नसेल तर काय समजायचं ते समजा.

जळतो तो बहुधा ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारा डबा, एलईडी नाही. म्हणून विकत घ्यायच्या आधी विचारा, ड्रायव्हर सुटा मिळतो का, आणि आरसा भिंतीवरून न फोडता काढता येतो का. टच बटणाचं माझं वैयक्तिक मत वाईट आहे. ओला हात लागला, पाण्याचा थेंब बसला की ते आपल्या मनाने चालू-बंद होतं. घड्याळ तर वीज गेली की प्रत्येक वेळी नव्याने लावत बसा. वाफ घालवणारं म्हणजे काचेमागे चिकटवलेलं हीटरचं पातळ पॅड. ते जेवढं असेल तेवढाच चौकोन स्वच्छ राहतो, बाकी धुकं. त्यापेक्षा एक्झॉस्ट चांगला बसवा. अगदीच वाटलं तर काचेवर शेव्हिंग क्रीमचा हलका हात फिरवून कोरड्या फडक्याने पुसा, काही दिवस वाफ धरत नाही.

तुमच्याकडे शॉवरला पार्टिशन नाही हे महत्त्वाचं. दिवे असोत की दिव्याचा आरसा, पाण्या-धुळीपासून संरक्षणाचा आकडा किमान आयपी ४४ हवाच, म्हणजे कुठूनही शिंतोडे आले तरी चालतं. शॉवरच्या बाजूचा दिवा आयपी ६५ घेतलात तर थेट धार लागली तरी चिंता नाही. आणि बाथरूमच्या लाइनवर ३० मिलीअँपची आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) आहे का ते आत्ताच तपासून घ्या. १९९८ ची बिल्डिंग म्हणजे अर्थिंगसुद्धा बघा. यात काटकसर नको.

---

नेटकी_न्यू_जर्सी

कपाटाबद्दल थोडं. इंटरनेटवर आरशाची जी सपाट, भिंतीत बसवलेली कपाटं दिसतात ती बहुतेक आमच्या इकडची. इथल्या भिंती लाकडी चौकटीच्या, दोन खांबांमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत १६ इंच, त्यामुळे आत साडेचौदा इंचांची पोकळी आयती मिळते आणि कपाट तिच्यात जातं. तुमच्या विटांच्या भिंतीत ते बाहेरूनच लावावं लागेल, म्हणजे चार-पाच इंच पुढे येणार. वाकून तोंड धुताना नवऱ्याच्या कपाळाची काळजी घ्या! शिवाय इथली बाथरूमं कोरडी असतात. पुण्याला आईकडे असंच कपाट आहे, त्याच्या बिजागऱ्या पहिल्या पावसाळ्यातच करकरायला लागल्या.

---

अनुजा_ठाणे

बाप रे, किती छान लिहिलंय सगळ्यांनी. काल रात्री टेप घेऊन सगळ्यांना भिंतीशी उभं केलं आणि ४६ आणि ७० वर मास्किंग टेप लावली. नवरा आधी हसत होता, मग स्वतःच वाकून बघायला लागला. घड्याळवाला आरसा यादीतून गेला.

दोन शंका. सासूबाई आता कपाट सोडायला तयार आहेत, पण त्या बदल्यात त्यांना बेव्हलवाला, म्हणजे कडा तिरप्या घासलेला, आरसा हवाय, ‘आमच्या माहेरी होता तसा’. आणि लावायचा कसा? मिस्त्री म्हणतो चार कोपऱ्यांत भोकं पाडून स्क्रू मारू. आर्किटेक्ट मैत्रीण म्हणते मागे प्लायवूड लावून त्यावर चिकटव.

---

गोळीवाले_काका

फार्मसिस्ट आहे म्हणून मध्ये तोंड घालतो. सासूबाईंनी कपाटाचा नाद सोडला हे उत्तम झालं. बाथरूमची ओल आणि उष्णता गोळ्यांना चांगली नाही, विशेषतः पट्टीतून काढून डबीत भरून ठेवत असतील तर. बीपी, शुगरच्या गोळ्या बेडरूमच्या कपाटात, मुलीचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी ठेवा.

---

काचवाली_रत्नागिरी

काका, हे बरं सांगितलंत.

अनुजाताई, बेव्हल खुशाल करा, बिनफ्रेमच्या आरशाला शोभतो. फक्त रुंद नको. एक इंची बेव्हल केला की चारी बाजूंनी इंचभर पट्टीत चेहरा तुटका दिसतो, म्हणजे २४ इंचांतला कामाचा भाग २२ च राहतो आणि आपण बसवलेला सगळा हिशोब बिघडतो. अर्धा इंच पुरे. माहेरच्या आठवणीला तेवढा बस होईल.

भोकं नकोत. प्रत्येक भोक म्हणजे आणखी एक कापलेली कड, आणि ओलीला आणखी एक दार. त्यात मिस्त्रीने स्क्रू जरा जास्त आवळला की भोकापासून तडा जातो. तो त्याच दिवशी जाईल असं नाही, महिन्याभरानेही जातो, आणि मग तो म्हणतो काचच खराब होती.

प्लायवूडची तुम्हाला गरज नाही. टाइल ओळंब्यात लागली असेल तर थेट टाइलवर लावा. प्लाय लावायचंच असेल तर पाण्यात टिकणारं, बीडब्ल्यूपी, आयएस ७१० चं. साधं कमर्शियल प्लाय फुगतं आणि आरशाला बाहेर ढकलतं. तुमच्याकडे शिंतोडे उडतात म्हणताय, मग मी तर टाळेनच.

सिलिकॉन न्यूट्रल हवं. हे नीट लक्षात ठेवा. साध्या सिलिकॉनची नळी उघडली की व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. ते वाळताना आम्ल सोडतं, आणि ते मागच्या रंगातून चांदीपर्यंत पोचतं. मग आरशाच्या मधोमध, पट्टे मारले तिथेच, डाग उमटतात. न्यूट्रलला तसा आंबट वास नसतो. पट्टे उभे मारायचे, एकमेकांपासून थोड्या अंतरावर, म्हणजे मागे शिरलेलं पाणी मधून खाली उतरतं आणि हवा खेळते. आडवे पट्टे किंवा गोल टिक्के मारले की पाणी तिथेच अडतं. काच भिंतीला अगदी दाबून बसवू नका, साधारण एक सूत फट राहू द्या. वरच्या आणि बाजूच्या कडा बंद केल्या तर चालेल, खालची कड मोकळीच ठेवा. लावल्यावर रात्रभर खालून टेका आणि वरून चिकटपट्टी. सहा किलो आहे, सिलिकॉन वाळेपर्यंत घसरतो.

लेक लहान आहे तर आणखी एक: मागे सेफ्टी फिल्म लावून मिळते का विचारा. फुटला तरी तुकडे फिल्मला चिकटून राहतात. पण फिल्म घेतलीत तर सिलिकॉन फिल्मवर बसणार, म्हणून ती कारखान्यात लावलेली असेल तरच घ्या, दुकानात वरून चिकटवलेली नको. टफन्डच्या (भट्टीत तापवून मजबूत केलेल्या काचेच्या) मागे लागू नका. आरसा झाल्यावर टफन करता येत नाही, भट्टीत पारा टिकत नाही. आधी टफन करून मग पारा चढवलेला मिळतो, पण त्यात प्रतिमा किंचित लहरते.

पुसताना फवारा फडक्यावर मारायचा, आरशावर नाही, नाहीतर ओघळून खालच्या कडेत जातो. बोअरचं पाणी असेल तर पांढरे डाग पडतील. फडक्यावर थोडं व्हिनेगर घेऊन मधल्या मधे पुसा, कडेपासून दोन बोटं लांब, आणि लगेच साध्या ओल्या फडक्याने.

आणि अंतिम माप टाइल लागल्यावरच द्या. भिंत वर ४२ असली तर खाली पावणेबेचाळीस निघते. वर, मध्ये, खाली असं तीनदा मोजा आणि सगळ्यात लहान माप धरा, दिव्यांनाही जागा सोडायची आहे.

---

पिंपळपान

हे सगळं वाचून आत्ताच आमचा गोल आरसा बघून आले. खालच्या बाजूला, फ्रेमच्या आत, बारीक काळी रेघ दिसतेय. थांबवता येते का?

---

काचवाली_रत्नागिरी

गेलेली चांदी परत येत नाही. पण फ्रेमच्या खालच्या खाचेत पाणी साचत असणार. आरसा उतरवून दोन दिवस कोरडा होऊ द्या, खाच पुसून काढा, कडेला सीलर मारा आणि फ्रेमला खालून एक बारीक भोक पाडा. रेघ पुढे सरकायचा वेग तरी कमी होईल.

---

अनुजा_ठाणे

ठरलं. ३० बाय २४, ५ मिमी, अर्धा इंच बेव्हल, दोन्ही बाजूंना उभे दिवे. वायर ६० इंचांवर काढून झाल्या, आरसीसीबी नव्हतीच, ती बसवतोय. मिस्त्रीला अ‍ॅसिडचं सांगितलं तर म्हणाला, ‘ताई, आम्ही नेहमी आरसा लावूनच मारतो, काही होत नाही.’ त्याला साफ नाही म्हटलंय. सिलिकॉनची नळी मात्र त्याने आधीच आणून ठेवलीये.

---

काचवाली_रत्नागिरी

नळीवर न्यूट्रल लिहिलंय का बघा. नसेल तर फोडायच्या आधीच परत करा, फोडलेली कुणी घेत नाही.